फुल फ्रेम आहे, छोटा आहे, पण लेन्स निघत नाही. घेऊ का?

रामबागेतला
रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी इंदूरचा. माझ्याकडे निकॉनचा डी७५० आहे, त्यावर २४-७० एफ २.८, दोन्ही मिळून पावणेदोन किलो. कॅमेऱ्याबद्दल काही तक्रार नाही, तक्रार माझ्या खांद्याची आहे. हल्ली मुलीच्या वाढदिवसाला कपाटातून निघतो आणि दुसऱ्या दिवशी परत कपाटात. मागच्या महिन्यात आईला घेऊन कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी (होळकरांची स्मारकं) गेलो होतो, संध्याकाळचा उजेड दगडावर असा काही पडला होता की काय सांगू, आणि हातात काय तर फोन. फोटो फोनवर बघायला छान. घरी येऊन मोठा केला तर आईच्या महेश्वरी साडीचा काठ फोनने पार पुसून टाकलेला, विणकाम गायब, नुसता वॉटरकलर. तेव्हापासून डोक्यात किडा आहे की फुल फ्रेमच (मोठ्या सेन्सरचाच) पाहिजे पण रोज पिशवीत टाकता येईल असा.

नवे तर परवडत नाहीत. सोनीचा आरएक्सवनआर थ्री २०२५ च्या जुलैत आला तो पाच हजार डॉलरच्या वर, लायका क्यू थ्री २०२३ ला आला तेव्हाच सहा हजाराला फक्त पाच डॉलर कमी. पण आतेभावाच्या ऑफिसात पुण्याला एकजण त्याचा आरएक्सवनआर टू विकतोय. २०१५ चं मॉडेल, ४२ मेगापिक्सेल, ३५ एमएम एफ २ ची झाइसची लेन्स, बॅटरीसकट ५०७ ग्रॅम. जवळजवळ माझ्या किटच्या पाव-तिसऱ्या हिश्शात. तो पुढच्या महिन्यात लग्नासाठी इंदूरला येतोय आणि दोन दिवस कॅमेरा माझ्याकडे ठेवायला तयार आहे, माणूस सज्जन आहे.

तर, झूम नाही, फक्त ३५ वर आयुष्य निघतं का? दहा वर्षं जुना डिजिटल कॅमेरा घेणं वेडेपणा आहे का? आणि त्या दोन दिवसांत नक्की काय काय तपासू?


फटफटी
रविवार, रात्री ११:५२

नवा फोन घे भिया. अर्ध्यात काम.


रामबागेतला
रविवार, रात्री ११:५५

साडीचं वाचलं नाहीत वाटतं.


तिरपा_उजेड
सोमवार, सकाळी ७:१०

रामबागेतले दादा, कॅमेरा तपासायच्या आधी स्वतःला तपासा, कारण या जातीच्या कॅमेऱ्यात कॅमेरा वाईट निघण्यापेक्षा माणूस त्या फोकल लेंग्थचा (लेन्स किती रुंद किंवा किती जवळचं दाखवते तो एमएमचा आकडा) नसणं हे जास्त वेळा होतं. मी तीन ओळखीच्या लोकांना असे कॅमेरे घेताना आणि आठ महिन्यांत विकताना पाहिलंय. तुमच्याकडे झूम आहे ना, मग सगळा पुरावा तुमच्याच हार्डडिस्कवर पडलाय. फोटोंसाठी लाइटरूम सॉफ्टवेअर वापरत असाल तर लायब्ररीत मेटाडेटाच्या फिल्टरमध्ये फोकल लेंग्थ निवडा, आणि सगळे फोटो नको, फक्त आवडते, ज्यांना स्टार दिलेत ते. किती २४-२८ वर आहेत, किती ३५ च्या आसपास, किती ७० ला टेकलेत ते बघा. सत्तरला ढीग असेल तर हा विषय इथेच संपवा.

दुसरं म्हणजे झूमची रिंग ३५ वर आणा आणि चिकटपट्टी लावा. तीन आठवडे. काढायची नाही, मुलीच्या गॅदरिंगलासुद्धा. मग कळेल.

आता ही चीज एवढी छोटी का होते ते समजून घ्या म्हणजे काय मिळतं आणि काय जातं ते आपोआप कळेल. लेन्स कधीच निघणार नाही म्हटल्यावर ती अडकवायचं माउंट लागत नाही, आणि लेन्सची मागची काच पार सेन्सरच्या नाकाशी आणून ठेवता येते, म्हणजे बाहेर दिसते त्यापेक्षा बरीच लेन्स बॉडीच्या पोटात असते. शटरही लेन्सच्या आत, पाकळ्यांचं, लीफ शटर. त्याचा आवाज म्हणजे कोणी नखाने टिचकी मारावी तेवढा. गाण्याच्या बैठकीत पहिल्या रांगेतून वाजवा, तानपुऱ्यावरच्या मुलीलाही कळणार नाही. फ्लॅश पण शटरच्या वरच्या स्पीडला सिंक होतो, म्हणजे जुळतो, डी७५० वर साधा सिंक १/२०० ला अडतो, इथे भर दुपारी मांडवाबाहेर १/१००० ला चेहऱ्यावर हलका फ्लॅश मारता येतो. पण बॉडीत फ्लॅश नाहीये, तो पहिल्या आरएक्सवनमध्ये होता, या टूमध्ये त्या जागी वर उडणारा व्ह्यूफाइंडर आलाय, त्यामुळे फ्लॅश वेगळा लावावा लागेल.

याच शटरची दुसरी बाजू, एफ २ वर, म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं असताना, ते १/२००० च्या पुढे जात नाही. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन डोळ्यासमोर आणा, आयएसओ १०० ला एफ २ वर तिथे १/६४०० लागतं. म्हणजे दीड-पावणेदोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) फोटो उडणार. एकतर अॅपर्चर, म्हणजे ते भोक, लहान करा नाहीतर ४९ एमएमचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काच) खिशात ठेवा. फुजीच्या एक्स१०० वाल्यांना हा फिल्टर आतच बसवून मिळतो, पण तो फुल फ्रेम नाही.

हाताचं थरथरणं सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही. फोटोसाठी शून्य. लायकाच्या क्यूमध्ये लेन्समध्ये आहे, यात नाही, नव्या थ्रीमध्येपण नाही. ४२ मेगापिक्सेलला हात किंचित हलला तरी दिसतो, म्हणून १/३० वगैरे विसरा, १/१२५ धरून चाला.

बॅटरी सगळ्यात मोठी डोकेदुखी. कंपनीचाच आकडा २२० फोटोंचा आहे. दोन जास्तीच्या घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

आणि लेन्सवर पुढे एक मॅक्रोची रिंग आहे, ती फिरवली की २० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं पण मग लांबचं काही फोकस होत नाही. ती चुकून फिरलेली राहते आणि माणूस कॅमेरा बिघडला म्हणून घाबरतो.


वेणू_सुदामानगर
सोमवार, दुपारी १:२५

वरच्या सगळ्याला हो. फक्त एक राहिलं, धूळ.

लोकांना वाटतं लेन्स निघतच नाही म्हणजे सेन्सर सीलबंद. अजिबात नाही. माझ्याकडे एक फिक्स लेन्सचा होता, कंपनीचं नाव घेत नाही, फुल फ्रेम नव्हता, त्याची लेन्स चालू केल्यावर बाहेर यायची. रंगपंचमीच्या गेरला, रंगाच्या मिरवणुकीला, घेऊन गेले. टोरी कॉर्नरपासून गेर निघते ते राजवाड्यापर्यंत, ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, वर तीन-चार मजल्यांपर्यंत गुलाल उडवणाऱ्या मशिनी असतात, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मी शहाणपणा करून कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता, भोक फक्त लेन्सपुरतं. पण ती लेन्स आतबाहेर करताना पंपासारखी हवा ओढते हे डोक्यात आलं नाही. त्या दिवशीचे फोटो मस्त आले. पुढच्या आठवड्यात सिरपूर तलावावर पक्षी नाहीत म्हणून नुसतं आकाश काढलं, तर उजव्या कोपऱ्यात मसुराच्या डाळीएवढा डाग. आणि मग दुसरा. लेन्स निघणारी असती तर ब्लोअरने फू करून दोन मिनिटांत गेलं असतं. इथे पूर्ण कॅमेरा उघडायला बाहेरगावी गेला आणि सात आठवड्यांनी आला.

आरएक्सवनची लेन्स अशी आतबाहेर होत नाही, त्यामुळे तेवढा धोका नाही, पण सेकंडहॅन्ड घेताना बघाच. पांढरी भिंत किंवा स्वच्छ आकाश, अॅपर्चर एफ २२, फोकस मुद्दाम बिघडवायचा, फोटो काढून लॅपटॉपवर कोपरान् कोपरा फिरायचा. मग लेन्समध्ये बुरशी, पुण्याचा पावसाळा आहे म्हणून सांगते. मागून उजेड पाडून बघता येत नाही, तर समोरून तिरक्या कोनात टॉर्च मारायचा, अंधाऱ्या खोलीत. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर किंमत विचारायचीपण नाही, नमस्कार करून उठायचं. मग विटांची भिंत, एफ २ वर, कॅमेरा भिंतीला अगदी समांतर, आणि चारही कोपरे एकमेकांशी ताडून बघायचे. सगळे कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा विरघळलेला असेल तर कॅमेरा कधीतरी पडलेला असू शकतो.

आणि गेरला न्यायचं मनात असेल तर मोह आवरा दादा. आरएक्सवनला धूळ-पाणी अडवणारं सीलिंग नाही. लायका क्यू टू आणि क्यू थ्रीला त्याचं आयपी५२ रेटिंग आहे, पण तेवढ्या पैशाची वस्तू गुलालात कोण नेतो.


डबल_शटर
सोमवार, संध्याकाळी ६:०३

मी जरा उलटं बोलणार आहे. २०१५ साली या कॅमेऱ्याला तोड नव्हती, मान्य. आज आहे. सोनीचा ए७सी सेकंडहॅन्ड बघा, ५०९ ग्रॅम, त्यावर ४० एमएम एफ २.५ ची छोटी लेन्स, १७३ ग्रॅम. झाले ६८२. म्हणजे तुमच्या आरएक्सवनपेक्षा पावणेदोनशे ग्रॅम जास्त, एक छोटी वाटी पोहे समजा. बदल्यात बॉडीत स्टॅबिलायझेशन, कंपनीच्या हिशोबाने ७४० फोटोंची बॅटरी, फोकस कितीतरी झटपट, आणि धूळ गेली तर लेन्स काढा नि फुंका. उद्या मुलीच्या गॅदरिंगला ८५ लावा. लेन्स बिघडली तर लेन्स बिघडली, कॅमेरा जिवंत. तुमच्या त्या प्रेमप्रकरणात एक बिघडलं की दोन्ही गेले.

फोकसचं मुद्दाम लिहितो कारण वरती कोणी बोललं नाही. आरएक्सवनआर टूमध्ये फोकस शोधायला फेज डिटेक्शनचे ३९९ पॉइंट वगैरे आहेत, पण लेन्स तीच २०१२ च्या पहिल्या आरएक्सवनची, आतल्या काचा हलवायला वेळ घेते. उभ्या माणसाला उत्तम. धावणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला नाही.

आणि कृपा करून खिसा म्हणू नका कोणी. लेन्सपासून पाठीपर्यंत ७२ मिलिमीटर आहे तो. कुठला खिसा, धोतराचा?


तिरपा_उजेड
सोमवार, संध्याकाळी ६:४०

धोतराला खिसा नसतो.

बाकी ए७सीचं म्हणणं रास्त आहे, मला कोणाला डोकं लावून सल्ला द्यायचा असेल तर तोच देईन. पण ग्रॅम मोजून उत्तर येत नाही हो. लेन्स बदलता येते म्हटलं की दुसरी लेन्स घेतली जाते, मग तिसरी, मग त्यांची बॅग, आणि वर्षभरात माणूस परत पावणेदोन किलोवर. रामबागेतल्यांचा रोग तोच आहे ना.

आणि ४० एफ २.५ आणि ३५ एफ २ यात उजेडाचा फरक जवळजवळ दोन तृतीयांश स्टॉप. सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, तेवढा कळतो.


जुना_निगेटिव्ह
सोमवार, रात्री ९:३०

तुमची चर्चा वाचून गंमत वाटली. मुलांनो, फुल फ्रेम आणि न निघणारी लेन्स हे काही सोनीने शोधलेलं नाही. माझ्याकडे १९७४ पासून यशिका इलेक्ट्रो ३५ आहे. ४५ एमएम, एफ १.७, लेन्स निघत नाही, शटर पाकळ्यांचं, आवाज नाही. फिल्म ३५ एमएमची, म्हणजे २४ बाय ३६, तुम्ही ज्याला फुल फ्रेम म्हणता तेच. दोन मुलींची बारशी, एकीचं लग्न, राजवाडा १९८४ ला जळाला त्यानंतरचे फोटो, सगळं त्याच एका लेन्सने. उजेड कमी असला की पिवळा दिवा लागायचा, जास्त झाला की लाल, मधे काही नाही. झूम नव्हता म्हणून एकही बारसं चुकलं नाही.

मात्र दोन-तीन गोष्टी हुकल्या हेही खरं सांगतो. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघायच्या, हुकुमचंद मिलची, मालवा मिलची, रात्रभर, दिव्यांचे चित्ररथ. गर्दीत पुढे जाता यायचं नाही आणि लांबून ४५ ने झांकी काडेपेटीएवढी. पण तुमच्यात ४२ मेगापिक्सेल आहेत, कापून घ्याल. आमच्यात कापलं की नुसते दाणे.


तिरपा_उजेड
सोमवार, रात्री १०:०५

काका, अगदी. त्याचा हिशोबच सांगतो. ४२ मधून ५० एमएमच्या नजरेएवढं कापलं तर २०-२१ मेगापिक्सेल उरतात, म्हणजे दादांच्या डी७५० ला थोडेच कमी. ७० एवढं कापलं तर दहा. दहात ए४ छान निघतो. फक्त एक लक्षात ठेवा, कापल्याने मागची धूसरता वाढत नाही, ३५ ने काढलेला फोटो ३५ सारखाच राहतो, नुसता जवळ दिसतो.


रामबागेतला
तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री १:१५

मंडळी, चिकटपट्टीचे तीन आठवडे झाले.

आधी हिशोब. स्टार दिलेले २१२ फोटो निघाले. १३१ तीस ते पन्नासच्या मधले, ४६ सत्तरला टेकलेले, बाकी रुंद. सत्तरवाल्यांपैकी बहुतेक शाळेच्या स्टेजचे, ते तसेही जाऊन येऊन तेच असतात, परी, झाड, परी. पण गंमत म्हणजे २४ वर काढलेले आवडत्यांत फारच थोडे, त्यामुळे लायका क्यूची २८ एमएमची रुंद लेन्स माझ्यासाठी नाही हे पैसे न घालवता कळलं.

चिकटपट्टी लावून काल सराफ्यात गेलो. पहिल्या दिवसांत जे व्हायचं, हात झूमच्या रिंगकडे जायचा आणि अडकायचा, ते आता थांबलंय. दहीवड्याच्या दुकानापाशी उभा होतो, तो माणूस दह्याचा द्रोण वर उडवतो ना, मी त्या क्षणाला २४ करून सगळं घ्यायचो, दुकान, पाटी, गर्दी, वरची वायर. आता मागे सरकलो तर मागे स्कूटर, पुढे गेलो तर गिऱ्हाईक. शेवटी गिऱ्हाइकालाच फोटोत घेतलं, एक बाई, हातात रिकामा द्रोण धरून वर बघतायत, तोंड उघडं, आणि उडालेला द्रोण फ्रेमच्या वरच्या कडेला अर्धा. सदतीस फोटोंत हा एक. पण असा मी आधी कधी काढलेला नाही.

तो पुण्याचा माणूस उद्या येतोय.


रामबागेतला
मंगळवार, रात्री १०:५०

दोन दिवस कॅमेरा हातात होता. वेणूताईंची यादी तंतोतंत पाळली. एफ २२ ला आकाश, स्वच्छ. टॉर्च मारला, एका काचेच्या कडेला दोन बारीक कण दिसले, जाळं नाही. विटांची भिंत मिळेना म्हणून सोसायटीच्या टाइल्सच्या भिंतीवर काढले, चारही कोपरे भावाभावांसारखे.

रात्री सराफा. एफ २, १/१२५, आयएसओ २००० च्या आसपास. गराडूवाल्याच्या कढईतली वाफ, त्यामागे त्याच्या कानातली बाळी, आणि बाळीवर वरच्या बल्बचा ठिपका, ते सगळं फाइलमध्ये आहे. दोन मीटरवर एफ २ ला शार्प पट्टा साधारण चाळीस सेंटिमीटरचा येतो, म्हणजे माणूस येतो आणि कढई सुटते, हे जरा सवयीचं आहे. मुलगी धावताना फोकस सुटला, डबल_शटर तुम्ही म्हणालात तसंच. मग मी एफ ८ लावून, मॅन्युअल फोकस अडीच मीटरला ठेवून दिला, पावणेदोन ते पावणेपाच मीटरमध्ये जे येईल ते शार्प, नुसतं बटण दाबायचं. दुपारच्या गल्लीत एकदम चालतं. तिन्हीसांजेला नाही. बॅटरी तिसऱ्या तासाला संपली, त्याने दिलेली दुसरीही घरी येईपर्यंत निम्मी.

आणि आईला घेऊन परत छत्र्यांपाशी गेलो. तीच साडी नेसायला लावली, ती म्हणाली धुवायला टाकायची होती, कशाला. साडीचा काठ १०० टक्क्यांवर बघितला. धागे मोजता येतात.

ए७सीचा विचार मनात आहेच, खोटं कशाला बोलू, डोकं तिकडेच आहे. पण दोन दिवसांत हा कॅमेरा सकाळी भाजीच्या पिशवीत होता, कोथिंबिरीशेजारी, आणि डी७५० कधी भाजीला आला नव्हता. थोडी घासाघीस करून घेतला. पैसे पोचते केले.

आता मदत हवीय. ४९ एमएमचा एनडी तीन स्टॉपचा घेऊ का सहाचा? आणि जेल रोडला मिळेल का ऑनलाइनच बघू?


डबल_शटर
मंगळवार, रात्री ११:०४

अभिनंदन. तीनचा घ्या, सहाचा लावलात तर सावलीत गेल्यावर काढत बसाल. जेल रोडला ४९ चा क्वचितच असतो, ५२ चे मिळतात, ४९ वरून ५२ ची स्टेप-अप रिंग घेऊन टाका, डी७५० च्या एखाद्या छोट्या लेन्सलाही तोच चालेल. आणि ती चिकटपट्टी काढा आता झूमवरची, गोंद रबराला धरतो.


वेणू_सुदामानगर
बुधवार, सकाळी ८:२०

आईंचा फोटो टाका की. आणि बॅटऱ्या आधी, फिल्टर नंतर!


रामबागेतला
बुधवार, सकाळी ९:०२

टाकतो, आईला विचारून. एक प्रामाणिक कबुली, परवाचे पहिले सहा फोटो धूसर आले, मी घामाघूम, म्हटलं गेले पैसे. मॅक्रोची रिंग फिरलेली होती. वरती स्पष्ट लिहिलेलं असून.


जुना_निगेटिव्ह
बुधवार, सकाळी १०:४५

रिंगवर नेहमीच्या जागी नेलपॉलिशचा एक ठिपका द्या आणि समोर बॉडीवर दुसरा. दोन ठिपके एका रेषेत नसले की अंधारातही कळतं. मी यशिकावर आठ फुटांच्या खुणेला असाच दिलाय, सौ.च्या लाल बाटलीतला, अजून टिकून आहे. पारदर्शक घेऊ नका, माझ्या धाकटीने घेतला होता.